पोरांचे एआयनं लिहिलेले प्रोजेक्ट: पकडायचे की वर्गातच घ्यायचे?

बाळीवेसकर:
एमए अर्थशास्त्राला शिकवते, सोलापुरातच. यंदा टॉवेल-चादरीच्या धंद्यावर प्रोजेक्ट दिला तर निम्म्या फाइली एकाच साच्यातल्या, मराठी अशी की सरकारी जाहिरात वाचतोय, आणि एकानं संदर्भात टाकलेलं पुस्तक शोधून शोधून दमले, असलं पुस्तकच नाही! डिपार्टमेंटमध्ये दोन तट पडलेत, एक म्हणतो एआयचं लिखाण ओळखणारा डिटेक्टर लावून मार्क कापा, दुसरा म्हणतो एआय वर्गात घ्या. घ्यायचं तर नेमकं कसं ओ?

साधा_मास्तर:
मॅडम, डिटेक्टरच्या नादी लागू नका. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनंच स्वतःचं ओळखायचं टूल जुलै २०२३ मध्ये बंद केलं, नीट ओळखत नाही म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या लोकांनी दाखवलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंधसुद्धा डिटेक्टर एआयचे ठरवतात. आता आपली पोरं बघा, घरात तेलुगू नाहीतर कन्नड, शाळा मराठी, इंग्रजीत लिहायला घेतलं की पहिली तीच सापडणार. युजीसीचा २०१८ चा उचलेगिरीचा नियम पण दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळणीचे टक्के बघतो, एआयची नवी वाक्यं १० टक्क्यांच्या आत आरामात बसतात.

पूर्वभाग_१२:
मी असं करतो. एआयकडून दोन पानं उघडपणे घेऊन या म्हणतो, प्रॉम्प्टसकट, म्हणजे त्याला काय विचारलं तेही. मग सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेल-चादरीच्या कारखान्यात जायचं, मजुरी नगावर का रोजावर, सूत कुठनं येतं, लाइट गेली की पगाराचं काय, मालकाला आणि कामगाराला दोघांना विचारायचं, आणि एआयनं काय चुकवलं, काय गाळलं ते लाल पेनानं लिहायचं. मार्क लाल पेनाला. लई मजा येते, कारण पानं दिसायला भारी असतात आणि आतनं पोकळ.

पीएचडीवाली:
रिसर्चमध्ये मी कोडमधल्या चुका काढायला आणि इंग्रजी नीट करायला वापरते, आणि पेपरात तसं लिहिते. लेखक म्हणून एआयचं नाव चालत नाही, नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकानं २०२३ लाच सांगितलंय, कारण जबाबदारी त्याला घेता येत नाही. सर, एक सांगते, कामगारांच्या मुलाखती नावानिशी फुकटच्या टूलमध्ये टाकू देऊ नका पोरांना, त्या माणसांनी तशी परवानगी कुठं दिलीय.

बाळीवेसकर:
लाल पेन आवडलं. पण ८० पोरं आहेत, तपासणार कधी?

पूर्वभाग_१२:
चार-चारचे गट करा की. आणि तोंडी घेताना उत्तर कुणी द्यायचं ते तुम्हीच ठरवा, गटानं नाही.