नावं जुळवायचं काम मशीनवर कितपत सोडावं?

खतावणी

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेची सभासद यादी दुरुस्त करायचं काम सध्या माझ्याकडे आहे. दोन फायली आहेत. एक जुनी, शेअर रजिस्टरवरून कोणीतरी मराठीत टाइप करून ठेवलेली, आणि तिच्यात निम्म्या ठिकाणी सभासद क्रमांकच नाही. दुसरी नव्या सॉफ्टवेअरमधून काढलेली, रोमन लिपीत, केवायसी झालेल्यांची. सहा हजारांच्या आसपास नावं. या दोन याद्या जुळल्याशिवाय लाभांश कोणाच्या खात्यात टाकायचा ते ठरत नाही. संचालक म्हणतात, "आता एआय आलंय, बटण दाबा नि मोकळे व्हा."

माझं मत असं की मशीननं संशयित पकडून आणावेत, निकाल माणसानं द्यावा. नुसत्या नावावरून एक रुपयाही हलवू नये. "९० टक्के साम्य" म्हणून जो आकडा येतो तो अक्षरं मोजून येतो. काळे आणि काणे रोमनमध्ये लिहून बघा, फक्त एल आणि एनचा फरक. शिंदे आणि शेंडे, आय आणि ईचा. याउलट लक्ष्मी हे एकच नाव एकजण 'केएसएच'नं लिहितो, दुसरा 'एक्स'नं. आता १९६५ साली लेव्हेनश्टाइन यांनी मांडलेलं अंतर मोजा, म्हणजे किती अक्षरं बदलली, घातली किंवा काढली की एका शब्दाचा दुसरा होतो. काळे-काणे: १. लक्ष्मी-लक्ष्मी: ३. दोन परके एकमेकांच्या जवळ आणि एकच बाई स्वतःपासून लांब! यावर पैसे वाटायचे?

पिव्होट

उदाहरण झकास आहे, पण मुद्दाम निवडलेलं आहे. चार अक्षरी आडनाव एकटं घेतलं तर असं होणारच. पूर्ण नाव घ्या ना, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पंचवीस अक्षरांत एका अक्षराचा फरक पडला तर तो बहुतेक वेळा टायपिंगचाच असतो.

एक्सेलच्या पॉवर क्वेरीत दोन तक्ते मर्ज करताना (एकमेकांना जोडताना) 'फजी मॅचिंग'वर, म्हणजे अंदाजे जुळणीवर, टिक करा. साम्याचा उंबरठा तिथे मुळात ०.८० असतो, तो ०.९० वर न्या. वरचे आपोआप जुळतील, खालचे हातानं बघा. आणि तुमच्या लक्ष्मीची सोयसुद्धा तिथेच आहे. 'फ्रॉम' आणि 'टू' अशा दोन रकान्यांचा रूपांतर-तक्ता जोडता येतो. जाधवांच्या शेवटी कुठे व्ही, कुठे विदर्भातला ओ, चौधरींचे तीन प्रकार, गायकवाडांचे दोन, सगळं एकदाच भरून ठेवा.

आणि माणसानं निकाल द्यावा म्हणता, तो कोणता माणूस? दुपारी जेवून आलेला, चारशेव्या ओळीवर पेंगणारा? मशीन निदान सहा हजाराव्या ओळीलाही पहिल्या ओळीचाच नियम लावतं.

गुळाचा_चहा

एवढं कशाला? एक्सेलमध्ये दुसऱ्या यादीतून नाव शोधणारं व्हीलुकअप फंक्शन आहे, त्याच्या शेवटी 'ट्रू' लिहायचं, जवळचं नाव आपोआप शोधतं की ते.

खतावणी

@गुळाचा_चहा, असं कृपा करून करू नका. तिथल्या 'ट्रू'चा स्पेलिंगच्या साम्याशी काडीचा संबंध नाही. यादी अकारविल्हे लावलेली आहे असं ते धरून चालतं आणि नेमकं नाव नसेल तर त्याच्या आधी येणारं नाव उचलून देतं. म्हणजे कुलकर्णी यादीत नसले तर त्यांच्या वर जो कोणी असेल त्याचा आकडा कुलकर्ण्यांच्या पुढे येतो, तोही कुठलीही एरर न दाखवता. आणि शेवटचा भाग लिहायचाच राहिला तर एक्सेल 'ट्रू'च समजतं. कराच्या स्लॅबसाठी आहे ते. एक्सलुकअप या नव्या फंक्शनमध्ये हे उलटं केलंय, तिथे काही न लिहिता नेमकीच जुळणी होते.

@पिव्होट, रूपांतर-तक्ता मान्य. पण तो भरणारा माणूसच आहे, हे लक्षात घ्या.

सोलापुरी_चादर

उच्चारावरून जुळवा. साउंडेक्स नावाची जुनी पद्धत आहे, १९१८ चं अमेरिकन पेटंट. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर आणि एच-डब्ल्यू-वाय टाकून द्यायचे, बाकीच्या व्यंजनांना सहा गटांचे आकडे, एकूण तीन आकडे झाले की थांबायचं. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये तयार फंक्शन आहे. स्पेलिंग कसंही असो, देशमुख शेवटच्या एचशिवाय लिहिला तरी कोड तोच.

खतावणी

करून पाहिलंय, म्हणून सांगते. शिंदे: एस५३०. शेंडे: एस५३०. सावंत: एस५३०. संत: तेही एस५३०! एका कोडात अर्धी पतसंस्था. (ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं इंग्रजांनी केलेलं स्पेलिंगसुद्धा एस५३० येतं. तेवढं मात्र बरोबर आलं, कारण ते खरंच शिंदे.) आणि वाघ? डब्ल्यूनं लिहिला तर डब्ल्यू२००, व्हीनं लिहिला तर व्ही२००. पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवायचं म्हणून दोघं कधीच भेटत नाहीत. अमेरिकन आडनावांसाठी बनवलेलं ते, आपल्याकडे त्याचा उपयोग फार तर पहिली चाळण म्हणून.

युनिकोडवाला

तुम्ही सगळे रोमनमध्ये का भांडताय? काळे आणि काले, दोन्ही रोमनमध्ये एकच. ळ-ल, ण-न, ट-त सगळं तिथे सपाट होतं. जुनी फाइल मराठीत आहे तर जुळणी देवनागरीतच करा.

पण आधी ती फाइल उघडून फॉन्ट बदलून बघा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर पडद्यावर 'पाटील' दिसतं आणि सेलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरं नि चिन्हांचा कचरा असतो. फॉन्ट एरियल केला की कळतं. ते युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या पद्धतीत, बदलल्याशिवाय कोणतंही फंक्शन चालवण्यात अर्थ नाही.

बदलल्यावरही काम संपत नाही. गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडे यांच्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो. एकात युनिकोडचा वेगळा ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचं एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना तंतोतंत सारखं, पण लेन फंक्शननं लांबी मोजा, एकानं फरक येतो. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणं) या दोघांना एक करत नाही, ते आपणच बदलायचं. मग अनुस्वार की अर्धा ण (पांडुरंग-पाण्डुरंग), पाटील दीर्घ की ऱ्हस्व. आणि वेबवरून चिकटवलेल्या नावांतली न तुटणारी स्पेस, कोड १६०. जादा स्पेस काढणारं ट्रिम फंक्शन तिला हात लावत नाही, सबस्टिट्यूटनं काढावी लागते. ही झाडलोट केली की निम्मी "वेगळी" नावं एक होतात, फजी-बिजी काही न लावता.

पिव्होट

@युनिकोडवाला, झाडलोटीबद्दल शंभर टक्के सहमत. पण नव्या फायलीतली रोमन नावं देवनागरीत आणणार कोण? तोही अंदाजच. 'काळे' की 'काले' हे मशीनला ठरवावं लागणार. म्हणजे फजी जुळणी मागच्या दारानं आलीच.

निवृत्त_रोखपाल

तुमचा सगळा वाद 'नावं वेगळी, माणूस एक' यावर चाललाय. उलटं कोण बोलणार? आमच्या गावात एकाच आळीत तीन मारुती पाटील होते, त्यांतल्या दोघांच्या वडिलांचंही नाव एकच. साम्य १०० टक्के. त्यांना आम्ही 'चक्कीवाला', 'वरचा' आणि 'मिल्ट्री' म्हणून ओळखायचो, आणि लेजरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तसं लिहिलेलं असायचं. संगणक आला तेव्हा नाव चढवलं, पेन्सिल राहिली.

म्हणून मी म्हणतो नावावर जाऊच नका. फोलिओ नंबर (शेअर रजिस्टरमधला खातेक्रमांक), जन्मतारीख, मोबाईल, जामीनदार कोण होता, यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरच पुढे. नसतील तर माणूस बोलवा. तालुक्याच्या गावी सहा हजार माणसं म्हणजे काही मुंबई नव्हे.

माहेरचं_नाव

इतक्या वेळात एकालाही बायका आठवल्या नाहीत, हे बघून गंमत वाटली.

जुन्या यादीत माहेरचं नाव, नव्या यादीत सासरचं. मधलं नाव वडिलांचं होतं ते नवऱ्याचं झालं, आडनाव बदललं, आणि काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात. तिन्ही शब्द वेगळे. तुमचा उंबरठा ०.९० ठेवा की ०.५०, काय फरक पडतो? ती 'न जुळलेले' या शीटमध्ये जाते, आणि ती शीट सभेआधी उघडायला कोणाला वेळ नसतो. तिचा लाभांश न मागितलेला म्हणून वर्षानुवर्षं पडून राहतो. चुकीची जुळणी झाली तर कोणीतरी येऊन भांडतं तरी. जुळणीच झाली नाही तर कोणाला पत्ताही लागत नाही.

आधार दाखवा म्हणाल, तर आधारवर नाव बदलायला आयुष्यात दोनदाच मुभा आहे. लग्न, घटस्फोट, मधली स्पेलिंगची दुरुस्ती, यांत ती संपूनही जाते. आणि पुढचं ऐका. १ मे २०१४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारनं आईचं नाव घालायला लावलंय: स्वतःचं, आईचं, वडिलांचं, आडनाव. ही पोरं सभासद होतील तेव्हा तुमचे तीन रकाने पुन्हा मोडणार. (निर्णय चांगलाच आहे, रकाने मोडू देत.)

पिव्होट

@माहेरचं_नाव यांनी उलट माझंच म्हणणं बळकट केलं. कडक जुळणीनं माणसं बाहेर फेकली जातात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात 'एक्झॅक्ट मॅच' असा नियम होता. मतदार नोंदणीचा अर्ज सरकारी नोंदीशी तंतोतंत जुळला नाही की अडकला. एखादा हायफन राहिला तरी तेच. २०१८ च्या निवडणुकीआधी ५३ हजारांच्या आसपास अर्ज असे लटकले होते आणि त्यातले बहुतेक कृष्णवर्णीयांचे. "खात्री होईपर्यंत थांबू" ही भूमिका कागदावर निरुपद्रवी वाटते, पण थांबायचं कोणी, ते बघा.

खतावणी

आणि सैल जुळणीचं उदाहरण तर शेजारच्या तेलंगणात आहे. 'समग्र वेदिका' या प्रणालीत सरकारी खात्यांच्या याद्या नाव-पत्त्यावरून आपोआप जोडल्या जात. रिक्षा ओढणाऱ्या एका गरीब माणसाचं नाव चारचाकीच्या मालकाशी जुळवलं गेलं आणि त्या घराचं रेशन बंद. २०२४ मध्ये हे सविस्तर छापून आलं होतं. तिथेही साम्याचा कुठलातरी आकडा असणारच आणि कोणाला तरी तो पुरेसा वाटला असणार.

म्हणून दोन बाजूंच्या चुका एका तराजूत घालायला माझा विरोध आहे. पत्रिका पाठवायची यादी असती तर मी स्वतः ०.८० वर सोडून दिलं असतं. चुकीच्या घरी पत्रिका गेली तर काय बिघडलं? इथे पैसे आहेत आणि पुढच्या निवडणुकीतला मताचा हक्कही याच यादीवर आहे.

युनिकोडवाला

यावर जुना तोडगा आहे. १९६९ मध्ये फेलेगी आणि सुंटर या संख्याशास्त्रज्ञांनी मांडलेला. उंबरठा एक नाही, दोन ठेवायचे. वरच्या रेषेपलीकडे जुळलं, खालच्या रेषेखाली नाही जुळलं, मधलं सगळं माणसाकडे. आणि प्रत्येक रकान्याला वेगळं वजन. 'पाटील' जुळलं तर त्याला किंमत कमी, कारण पाटील ढिगानं असतात. एखादं दुर्मीळ आडनाव जुळलं तर जास्त. जन्मतारीख जुळली तर त्याहून जास्त. रोखपाल पेन्सिलीनं जे करत होते तेच हे, आकड्यांत.

पिव्होट

हे चालेल. पण वरच्या रेषेपलीकडचं आपोआप मंजूर, बरं का. खतावणीबाई तिथेही टिक मारत बसल्या तर सभा ३० सप्टेंबरच्या आत होणं कठीण.

खतावणी

नाही, तिथेही नाही, जोवर नावाखेरीज दुसरा एखादा रकाना जुळत नाही तोवर. मारुती पाटील वरच्या रेषेच्याही वर बसतात, विसरलात का? दोन रकाने जुळले तर मंजूर, ते मी मान्य करते, आणि त्यात मोठा गठ्ठा निघून जाईल. सभेला अडचण नाही. लाभांश जाहीर होतो, न जुळलेल्यांचा देणे म्हणून उभा राहतो.

आणि मूळ नावाचा रकाना कोणीही दुरुस्त करणार नाही. शेजारी 'प्रमाण नाव' असा नवा रकाना, त्याच्या पुढे कशावरून जुळवलं आणि कोणी जुळवलं. उद्या जुळणी चुकीची ठरली तर सोडवता आली पाहिजे. जुन्या नावावरच नवं टाइप केलं की सोडवायला काही उरत नाही.

माहेरचं_नाव

मग 'न जुळलेले' शीट आधी छापा. नावं बोर्डावर लावा, रकमा नकोत. आणि शाखेत 'पूर्वीचं नाव' असा रकाना असलेला फॉर्म ठेवा. केवायसीच्या फॉर्मवर तो बऱ्याचदा असतो, तो भरून घेत नाहीत, एवढंच.

पिव्होट

बोर्ड बघायला येतं कोण हल्ली? एसएमएस करा.

माहेरचं_नाव

मोबाईल नंबर कोणाचा दिलेला असतो? नवऱ्याचा.

निवृत्त_रोखपाल

एक राहिलंच. झाडलोट करताना श्री., सौ., श्रीमती खुशाल उडवा, पण 'कै.' उडवू नका. मी एका ठिकाणी पाहिलंय, नावं स्वच्छ करताना ते एक अक्षर नि टिंब गेलं आणि वारसाची नोंद न होताच मयताच्या नावानं लाभांश निघाला. तो वेगळ्या रकान्यात घ्या, आणि ती नावं कुठल्याच रेषेत न टाकता थेट वारस फायलीकडे.