हॅलोविनला मुलांना हौसेने नेलं आणि पार विरस झाला, असे अनुभव लिहा

मधमाशीची आई
आज आकाशकंदिलाचा खोका खाली काढला तर त्यात लेकीचा मधमाशीचा ड्रेस निघाला आणि सगळं परत आठवलं. तेव्हा न्यू जर्सीत नवीन होतो, अपार्टमेंटमधे कँडी मागत दारं वाजवायला कोणी येत नसे म्हणून टाऊनच्या ट्रंक ऑर ट्रीटला गेलो. पार्किंग लॉटमधे ओळीने गाड्या, डिक्क्या उघडून सजवलेल्या, मुलांनी एकेका डिक्कीपुढे पिशवी धरायची. वेळ दुपारी तीन! सांगाडे, कोळ्यांची जाळी, सगळं टळटळीत उन्हात. लाईन पार रस्त्यापर्यंत. आमचा नंबर लागेस्तोवर निम्म्या डिक्क्या बंद झालेल्या, एका आजींकडची कँडी संपलेली तर बिचाऱ्यांनी पर्समधून खोकल्याची गोळी काढून दिली. लेक चार वर्षांची, घरी आठवडाभर बाथरूमचं दार वाजवून 'ट्रिक ऑर ट्रीट'ची प्रॅक्टिस केलेली. गोळी हातात धरून मला विचारते, "आई, दार कुठंय?"

मला अजूनही मनापासून वाटतं की यातली खरी मजा अंधारात आणि अनोळखी दारात आहे. लाईट लावलेलं पोर्च शोधायचं, बेल वाजवायची, आत पावलं वाजतात तेव्हा आईचा हात घट्ट धरायचा. ते काढून घेतलं तर नुसती कँडी काय, दुकानात वर्षभर मिळते. तुमच्या मुलांचं काय झालं ते लिहा.

खारे शंकरपाळे
आई गं, "दार कुठंय" वाचून पोटात तुटलं

शिकागोवाली
2019 सांगू का? 31 ऑक्टोबरला बर्फ! ओहेअर विमानतळावर 3.4 इंच, हॅलोविनचा रेकॉर्ड होता तो. बाहेरचा कार्यक्रम ऐनवेळी जिममधे हलवला, तिथे तीन टेबलं आणि एक डेंटिस्ट टूथब्रश वाटत उभी. माझा धाकटा डायनासोर झालेला पण वरून स्नोजॅकेट, शेपूट फक्त खाली लोंबत होती, सगळे त्याला मगर म्हणाले आणि तो इतका रडला की शेवटी डेंटिस्टबाईंनीच त्याला मांडीवर घेतला. टूथब्रश मात्र चांगले होते हं, मऊ.

एडिसनचा काका
@मधमाशीची आई, तीन वाजता अंधार कुठून मिळणार. 2007 पासून इथे घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातं, त्याआधी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जायचं. त्यामुळे आता 31 ला जर्सीत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. कार्यक्रम साडेसहाला ठेवायला पाहिजे, हे मी आमच्याकडच्या मीटिंगमधे दरवर्षी सांगतो.
आणि सँडी वादळाचं वर्ष कोणी लिहिलं नाही अजून? 2012. जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर क्रिस्टींनी ऑर्डर काढून हॅलोविन 5 नोव्हेंबरला ढकललं होतं. आमच्याकडे तेव्हाही वीज नव्हती. हॉलमधे मुलांसाठी काहीतरी आहे म्हणून कळलं, घेऊन गेलो तर सगळा हॉल फोन चार्ज करणाऱ्यांनी भरलेला. मुलगा स्पायडर बनून एक्स्टेन्शन कॉर्डच्या मधे उभा. पण एका बाईंनी त्याला ग्रॅनोला बार दिला, तो त्याने उशाशी घेऊन झोपला.

मीठभाकर
जिलेटिनचं काय करता तुम्ही लोक? ते प्राण्यांपासून करतात आणि आम्ही शाकाहारी, घरी येऊन पिशवी उलटी केली की कँडी कॉर्न, स्टारबर्स्ट, मार्शमेलो सगळं बाजूला. निम्मं जातं.

खारे शंकरपाळे
आम्ही शेजारच्यांशी अदलाबदल करतो, चॉकलेट इकडे, बाकी तिकडे

निळा भोपळा
आमचं जिलेटिनच्याही पुढचं. मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी. मॉलमधल्या कार्यक्रमात भरून पिशवी मिळाली, गाडीत बसून एकेक लेबल वाचत गेले आणि एकेक काढत गेले, शेवटी पिशवीत एक पेन्सिल उरली. ती काही बोलली नाही, पेन्सिलवरची भुतं मोजत बसली. तेव्हापासून आम्ही दाराशी टील, म्हणजे निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवतो. फूड ॲलर्जीवर काम करणाऱ्या फेअर संस्थेने 2014 पासून हे देशभर नेलंय, तसा भोपळा दिसला की समजायचं, इथे स्टिकर, बबल्स, छोटी खेळणी मिळतील. खरंच ठेवा सगळ्यांनी, एक तरी ठेवा. साधा भोपळा रंगवला तरी चालतो.

मधमाशीची आई
@निळा भोपळा ठेवणार, नक्की. रंग आजच आणते.

कोथरूडकर
पुण्यात आमच्या सोसायटीतही असतं आता. पोरं सहाव्या मजल्यावर पोचली, काकूंनी सेफ्टी डोअरमधूनच सांगितलं, "वर्गणी गणपतीत दिली". दिवाळीच्या सफाईत कोण दार उघडणार. शेवटी आमच्या आईने सगळ्या भुतांना घरात बसवून कांदेपोहे केले.

खारे शंकरपाळे
हाहा वर्गणी!! आईंना नमस्कार सांगा

आयोवातली मावशी
आमच्याकडे डेमॉईनला मुलांनी जोक सांगायचा, मग कँडी, जुनी पद्धत आहे. भाचा आलेला टेक्सासहून, त्याला हे इतकं आवडलं की आठवडाभर एकच जोक पाठ करत होता, भूत शाळेत का जात नाही वगैरे. पाऊस म्हणून कम्युनिटी सेंटरला गेलो. टेबलामागचा मुलगा कानात इअरफोन घालून, कँडी टाकली, "नेक्स्ट". ह्याने तोंड उघडलेलं तसंच राहिलं. मी त्याला परत लाईनीत घेऊन गेले आणि त्या मुलाला सांगितलं, बाबा रे, कानातलं काढ आणि ऐक. ऐकला त्याने. हसला पण!

शिकागोवाली
शाब्बास मावशी

पहाटेचं उटणं
2024 ला तर नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, 31 ला. पहाटे अभ्यंग, फराळ, शाळा, संध्याकाळी व्हँपायर. क्लबहाऊसमधे दोन्ही मिळून एकच कार्यक्रम ठेवला, आधी भाषणं, मग सत्कार, मग परत भाषणं. पोरांच्या तोंडावरचा रंग वाळून तडकला, एक चेटकीण खुर्चीत झोपली. कॉश्च्युम परेड सुरू झाली तेव्हा जेवणाची लाईन लागली, बघायला कोणीच नाही, आम्ही चार आयाच टाळ्या वाजवत होतो. त्या पोरांसाठी इतकं वाईट वाटलं. बाय द वे पहाटे कारीट फोडायला काय वापरता तुम्ही? आम्ही चेरी टोमॅटो.

एडिसनचा काका
टोमॅटो?? छोटं काकडं घ्या, आवाज येतो.

मीठभाकर
काकडं कुठे मिळतं तुमच्याकडे, ओक ट्री रोडच्या इंडियन दुकानांत का? आणि भाजणी पण तिथेच का, माझी संपलीये