मदत हवी आहे: उधाण आणि भांग, दोन्हींना मिळून एकच इंग्रजी शब्द

नमस्कार मंडळी,

आम्ही अलिबागला घरगुती खोल्या भाड्याने देतो. येणारे बरेच पाहुणे बंगळूर-हैदराबादकडचे असतात, म्हणून इथल्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर चालत कधी जाता येईल याचा एक तक्ता इंग्रजीत रंगवून दर्शनी भिंतीवर लावायचा आहे. तारीख, तिथी, भरती-ओहोटीच्या वेळा हे रकाने ठरले. शेवटचा अडलाय. त्यात रोज 'उधाण' (मोठी भरती-ओहोटी) किंवा 'भांग' (बेताची भरती-ओहोटी) यांतलं एक येणार, आणि रकान्याच्या डोक्यावर दोघांनाही पोटात घेणारा एकच शब्द हवा आहे.

भरती-ओहोटीचं सोपं होतं, टाइड म्हटलं की दोन्ही आली. सम-विषमला पॅरिटी आहे, नवरा-बायकोला स्पाउस, भाऊ-बहिणीला सिब्लिंग. आपण दोन शब्दांचा समास करून मोकळे होतो, इंग्रजीत पुष्कळदा तिसराच शब्द सापडतो. इथेही सापडेल अशी आशा आहे.

घाटावरच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकाच रेषेत येते, त्या सुमाराला उधाण. भरती खूप वर चढते आणि ओहोटीही तितकीच लांब जाते. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, तो भांग. भरती बेताची, ओहोटीही बेताची. आमच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक भांगाच्या दुपटीहून जास्त असतो. इंग्रजीत हे अनुक्रमे स्प्रिंग टाइड आणि नीप टाइड. स्प्रिंग वाचून लोकांना वसंत ऋतू आठवतो, पण ते समजावता येईल.

हा रकाना गाळून चालणार नाही, कारण किल्ल्याच्या वाटेचं सगळं गणित त्यातच आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना ठोकताळा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती, म्हणून ओहोटी पहाटे पाचच्या आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. नुसत्या वेळा वाचणारा पाहुणा अष्टमीच निवडणार. भर उजेड, जेवणाआधी जाऊन यायला सोयीची वेळ. पण तो भांग आहे! ओहोटी लागली तरी पाणी पुरतं हटत नाही, वाटेत ते उरतंच, आणि मग घोडागाडी बघावी लागते. उलट उधाणाच्या ओहोटीला वाट चांगली उघडी पडते, ओली पुळण आणि खडक पायाखाली येतात. मात्र पाणी फिरलं की भराभर चढतं आणि वर अंधारही पडायला लागतो. दोन्ही दिवशी जपायचं असतं, फक्त वेगवेगळ्या कारणांनी.

आता मी काय काय तपासलं ते. 'टाइड टाइप' पहिल्यांदा सुचला, पण पुस्तकांत त्याचा अर्थ दिवसातून एकदा भरती येते की दोनदा असा घेतात. 'टाइडल फेज' म्हटलं की पाणी चढतंय की उतरतंय असंच वाटतं. 'मून फेज' लिहिलं तर ते तिथीच्या रकान्यात आलंच आहे.

प्रतिसाद वाचून भर:

सगळ्यांचे मनापासून आभार. 'सिझिजी' हा शब्द मला नवीन होता. चंद्र-सूर्य-पृथ्वी एका रेषेत येणं असा त्याचा अर्थ, म्हणजे अमावास्या आणि पौर्णिमा या दोन टोकांना मिळून एकच शब्द. सुंदर आहे. पण त्यात दोन्ही बाजूंना उधाणच येतं, भांग बाहेर राहतो. अष्टम्यांसाठी 'क्वाड्रेचर' हा वेगळा शब्द आहे. मला या दोघांच्या वरचा हवा आहे.

'टाइड स्ट्रेंथ' आणि खाली स्ट्राँग किंवा वीक, ही सूचना दोघातिघांनी केली. वाचायला सोपी आहे, तरी मला ती धोक्याची वाटते. वीक वाचून माणूस निर्धास्त होऊन भांगाच्या पाण्यात उतरेल, आणि स्ट्राँग वाचून वाट कोरडी असते तेव्हाच घरी बसेल. शब्द कुठल्याही एका बाजूला कललेला नको, हीच खरी अट आहे.

'टाइडल रेंज' मला आतापर्यंत सर्वांत जवळचा वाटतो. भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक, तो मोठा असेल तर उधाण, लहान असेल तर भांग. अडचण एवढीच की तो मीटरमध्ये मोजायचा आकडा आहे, आणि रकान्यात आकडे घातले तर सुट्टीवर आलेला माणूस ते वाचून काय ठरवणार? रेंजखाली लार्ज आणि स्मॉल लिहिलेलं जाणकारांना खटकेल का?

'स्प्रिंग-नीप सायकल' बरोबर आहे, पण ते आपल्यासारखंच दोन शब्द जोडणं झालं. रकानाही अरुंद आहे, बारा-तेरा अक्षरांपुढे मावत नाही.

बंदरावर, जहाजावर किंवा आरमारात काम केलेलं कुणी इथे असेल तर रोजच्या बोलण्यात काय म्हणतात ते जरूर सांगा. दोन्हींना पोटात घेणारा शब्द इंग्रजीत नाहीच, असं कुणी ठामपणे सांगितलं तरी चालेल. मग रकान्याला 'फोर्ट वॉक' असं नाव देऊन खाली काय करावं ते सरळ वाक्यात लिहीन. गणपतीच्या गर्दीआधी पाटी रंगवून घ्यायची आहे.