प्रति: उद्यमबागच्या शॉपसाठी सॉलिडवर्क्सचं मशीन

दादा, तुम्ही बेळगावच्या उद्यमबागेतल्या शॉपसाठी सॉलिडवर्क्स, म्हणजे थ्रीडी डिझाईनचं सॉफ्टवेअर, चालवायला कोणता कॉम्प्युटर घ्यावा ते विचारलंय आणि वर एकांनी जुना दोन झिऑनवाला (इंटेलचे सर्व्हरचे प्रोसेसर) सर्व्हर सुचवलाय, स्वस्तात भरपूर कोअर, म्हणजे प्रोसेसरमधली काम करणारी युनिट, मिळतात म्हणून. मी तर नकोच म्हणेन. पार्ट मॉडेलिंगमध्ये फीचर (भोक, कड असे मॉडेलचे टप्पे) एकामागून एक रिबिल्ड होतात, म्हणजे परत गणले जातात, पुढचं आधीच्यावर अवलंबून, त्यामुळे काम बहुतेक एकाच कोअरवर चालतं. पंप केसिंगच्या मॉडेलमध्ये ट्रीतलं, म्हणजे बाजूच्या फीचरच्या यादीतलं, वरचं एखादं फीचर बदला आणि टास्क मॅनेजर उघडून बघा की, एक कोअर पळतोय आणि बाकीचे नुसते बसलेत. म्हणून कोअर ८ असले तरी बास, पण क्लॉक स्पीड (एकेका कोअरचा वेग) जास्त पाहिजे, नवीन पिढीचा इंटेलचा आय७ किंवा अल्ट्रा ७, नाहीतर एएमडीचा रायझन ७ बघा. सिम्युलेशन, रेंडरिंग रोजचं असेल तरच जास्त कोअरला पैसे घाला.

रॅम ३२ जीबी आणि एनव्हीएमई एसएसडी (वेगवान स्टोरेज), यात काटकसर करू नका. ग्राफिक्ससाठी गेमिंग कार्ड स्वस्त पडतं खरं, पण सॉलिडवर्क्सच्या साईटवर सर्टिफाइड कार्ड आणि ड्रायव्हरची यादी असते ती बघूनच घ्या, आणि ड्रायव्हर पण यादीतलाच टाका.

आणखी एक, फाउंड्रीची ती बारीक काळी धूळ पंख्यात जाऊन बसते, मग प्रोसेसर तापतो आणि आपोआप स्लो होतो, तेव्हा फिल्टरवालं कॅबिनेट घ्या, यूपीएस तर हवाच. बाहेरून मागवणार असाल तर ऑनसाईट वॉरंटी (जागेवर येऊन दुरुस्ती) बेळगावात मिळते का ते आधी लेखी घ्या.