बँकेचा दावा कोर्टाने काढून टाकला, आता घर विकता येईल ना?

डिचोलीकर७: मदत हवी आहे, जरा लवकर. बाबांनी घर गहाण ठेवून कर्ज काढलं होतं. बँकेने दावा लावला, नुसत्या तारखा पडत राहिल्या आणि यंदा मार्चमध्ये कोर्टाने तो काढून टाकला. कोर्टाच्या साइटवर 'डिसमिस्ड फॉर डिफॉल्ट', म्हणजे गैरहजेरीमुळे काढला, असं दिसतं. म्हणजे कर्ज संपलं ना? गिऱ्हाईक तयार आहे, चतुर्थीपूर्वी उरकायचंय. हो की नाही एवढंच सांगा.

म्हापशेकर: असं कसं सांगणार? बँक की सोसायटी? कर्ज कधीचं? मूळ विक्रीखत कुणाकडे?

डिचोलीकर७: बँकच. ९ लाख, २०११. विक्रीखत बँकेत, आमच्याकडे झेरॉक्स.

कट्टावाला: झेरॉक्सवर घर कोण घेतो? माझा मेहुणा असाच अडकला होता, दोन वर्षं.

अस्नोड्याची_शुभा: डिचोलीत नेमकं कुठे? बाजाराजवळ असेल तर भावाला हवंय.

वकीलबाब: दावा गेला म्हणून गहाण सुटत नाही. आधी रोजनामा, म्हणजे कोर्टाची तारखेवारी नोंद, बघा. शेवटच्या तारखेला तुमचा वकील हजर आणि बँक गैरहजर असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर ९ नियम ८. मग बँकेला त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही, जुनाच पुन्हा सुरू करून घ्यावा लागतो, त्यासाठी अर्ज ३० दिवसांत. उशीर झाला तर माफीचा अर्ज वेगळा. दोन्ही बाजू गैरहजर असतील तर नियम ३, तिथे नवा दावाही चालतो, मात्र मुदतीत हवा. गहाणावरच्या पैशाला मुदत १२ वर्षं.

कट्टावाला: २०११ अधिक १२, २०२३! सुटलात, पेढे वाटा.

वकीलबाब: कर्ज उचलल्या दिवसापासून नाही हो मोजत, पैसे देणं झाल्या दिवसापासून.

म्हापशेकर: हवी कशाला कोर्टाची मुदत? सरफेसीची, म्हणजे बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याची, ६० दिवसांची नोटीस काढली की बँक सरळ ताबा घेते.

वकीलबाब: मुदत तिथेही लागते, त्याच कायद्याचं कलम ३६ वाचा.

डिचोलीकर७: भांडू नका. रोजनामा मिळाला, दोघंही गैरहजर. हप्ते २०१२ ला थांबले.

वकीलबाब: म्हणजे नियम ३. हप्ते थांबल्यावर बाबांनी बँकेला काही सही करून दिलं होतं?

डिचोलीकर७: नाही. म्हणजे ट्रंकेत २०१९ चा एक अर्ज आहे. 'थकबाकी मान्य आहे, व्याजात सूट द्यावी.' खाली बाबांची थरथरती सही, वर बँकेचा पोच शिक्का. तो कामाचा आहे का?

वकीलबाब: तुमच्या नाही, बँकेच्या कामाचा. मुदत सरण्याआधी कर्जाची लेखी कबुली सहीनिशी दिली, की मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे त्या दिवसापासून मोजणी नव्याने. म्हणजे २०३१. बँकेशी एकरकमी तडजोडीचं बोला, पण वकिलाला दाखवल्याशिवाय आता कुठल्याच कागदावर सही नको.

कट्टावाला: पेढे राहू देत मग.

अस्नोड्याची_शुभा: मिटलं की कळवा, भाऊ थांबेल.

डिचोलीकर७: देव बरें करूं, वकीलबाब. आणखी एक, गिऱ्हाइकाकडून दोन लाख विसार घेतलाय. तो परत द्यावा लागेल का?