मदत हवी आहे: डीपीवायडी रिपोर्ट 'नॉर्मल', तरी ५-एफयू या केमोच्या औषधाचा पूर्ण डोस द्यावा का?

स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी सुधारित फोल्फिरिनॉक्स (अनेक औषधांची एकत्रित केमो) सुरू करायचं आहे: ऑक्सॅलिप्लॅटिन ८५, इरिनोटेकॅन १५०, ५-एफयू २४०० मिग्रॅ दर चौरस मीटरला, ४६ तासांच्या पंपावर, बोलस (एकदम दिलेला डोस) नाही. डीपीवायडीच्या (५-एफयू मोडणाऱ्या एन्झाइमच्या जीनच्या) नेहमीच्या चार व्हेरियंटपैकी एकही सापडला नाही. पण हे चार मुख्यतः युरोपीय लोकांच्या अभ्यासातून आलेत; आपल्याकडच्या पेशंटमध्ये 'सापडलं नाही' म्हणजे एन्झाइम व्यवस्थित आहे असं मी तरी धरणार नाही.

म्हणून रक्तातलं युरॅसिल मोजायचं आहे; तेही हेच एन्झाइम मोडतं. १६ नॅनोग्रॅम प्रति मिली किंवा त्याहून जास्त म्हणजे अंशतः कमतरता. अडचण सॅम्पलची आहे. ईडीटीएची नळी बाहेर तशीच पडून राहिली की रक्तपेशींमुळे युरॅसिल वाढतं, रिपोर्ट खोटा जास्त येतो आणि डोस उगाच कापला जातो. प्लाझ्मा तासा-दीडतासात वेगळा करून गोठवायला हवा. कुरिअरवाला संध्याकाळी येणार असेल तर नळी तशीच देण्यात अर्थ नाही.

दुसरं, यूजीटी१ए१ स्टार २८ (इरिनोटेकॅनचा निचरा मंदावणारा जीनमधला बदल) दोन्ही प्रतींत आहे आणि एकूण बिलिरुबिन २.४ मिग्रॅ/डेसीली. पित्तनलिकेतला स्टेंट तुंबलाय की गिल्बर्ट (जन्मजात, निरुपद्रवी बिलिरुबिनवाढ) आहे, हे डायरेक्ट-इनडायरेक्ट पाहिल्याशिवाय कळणार नाही. ते आज पाठवलंय.

विचारायचं एवढंच:
पुण्या-मुंबईत युरॅसिल मोजणारी, गोठवलेला प्लाझ्मा घेणारी लॅब कुणाला माहीत आहे का?
अशा पेशंटला इरिनोटेकॅन ७० टक्क्यांवर सुरू करून, न्यूट्रोफिल बघून वाढवता का? की जेमसिटाबिन-नॅब-पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या केमोकडेच वळता?