टेप लवकर भरते, हळू चालते : नागपूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

धरमपेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईचा सगळा माल बॅकअपला घ्यायचा म्हणून एलटीओ-६ चा, म्हणजे चुंबकीय टेपवर डेटा लिहिणारा सहाव्या पिढीचा, जुना ड्राइव्ह घेतला. टेपच्या वेष्टनावर ६.२५ टीबी छापलंय, पण सॉफ्टवेअर २.२७ वरच ‘टेप भरली’ म्हणतं. वेगही ३० एमबी प्रतिसेकंदाच्या वर जात नाही. दोन टीबीला अठरा तास! कोणाला असा अनुभव आहे का?

हिंगणा एमआयडीसीतून :
भाऊ, ६.२५ हा आकडा डेटा अडीचपट दबेल (कॉम्प्रेस होईल) असं धरून छापलेला आहे. खरी क्षमता २.५ टीबी, आणि हजाराऐवजी १०२४च्या हिशेबात मोजली की तीच २.२७ दिसते. जेपेग आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, त्यांना ड्राइव्ह आणखी काय दाबणार? आमच्या हिशेबाच्या फायली मात्र मस्त दबतात. तुमची टेप ठणठणीत आहे.

बुटीबोरीहून :
वेगाचं दुखणं मी तीन महिने काढलंय. ड्राइव्हला १६० एमबी प्रतिसेकंद हवेत, आणि आमचा सर्व्हर स्कॅन केलेल्या बिलांच्या लाखो चिल्लर फायली एकेक उघडून देत होता. डेटा कमी आला की ड्राइव्ह थोडा वेग उतरवतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्याखाली गेलं की थांबतो, टेप मागे घेतो, पुन्हा धावतो. तो घर्र... थांब... घर्र आवाज एकदा ओळखीचा झाला की पडद्यावर बघायची गरजच नाही. यात टेप आणि हेड (ड्राइव्हचा लिहिणारा-वाचणारा भाग) दोन्ही झिजतात. आधी सगळं त्याच मशीनच्या एसएसडीवर एका मोठ्या फायलीत बांधलं आणि तिथून टेपवर सोडलं. रात्री दहाला लावलेलं काम पहाटे दोनच्या आत संपलं. नेटवर्कवरून थेट देत असाल तर गिगाबिटची तार ११०-११५ एमबी प्रतिसेकंदाच्या पुढे जातच नाही, हेही धरा.

शिवाय टार (फायली एकत्र बांधणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्याचा ब्लॉक, म्हणजे टेपवर एका वेळी लिहायचा तुकडा, मुळात १० केबीचा असतो. मी २५६ केबी केला. परत वाचताना तोच आकार द्यावा लागतो. मी विसरलो होतो, तेव्हा टेप गेली समजून घामच फुटला.

सीताबर्डीवरून :
आमचा किस्सा कूलरचा. मे महिन्यात सर्व्हरच्या खोलीतला एसी बसला. आमच्या एका हुशार माणसानं दारात डेझर्ट कूलर लावला. बाहेर ४५ अंश, त्यामुळे सगळ्यांना बरंच वाटलं! ओलसर हवा आणि तिच्यासोबत धूळ थेट ड्राइव्हच्या तोंडात. पंधरा दिवसांत त्याच टेपांवर कमी माल मावायला लागला. कारण असं की ड्राइव्ह लिहिताना लगेच वाचूनही बघतो, आणि चुकलेला तुकडा पुढे पुन्हा लिहितो. तेवढी टेप वाया, वेळही वाया. क्लीनिंग टेप घातली तरी फरक नाही. मग कळलं, तिच्या ५० फेऱ्या कधीच संपल्या होत्या. नवी आणली, कूलर हटवला, काम झालं.

मानेवाड्यातून :
ही झाली नव्यांची दुखणी. आम्ही डीडीएस-४ या जुन्या प्रकारच्या टेपवर होतो, २० जीबीची टेप, वर ४० छापलेलं. म्हणजे ही फसगत जुनीच. सॉफ्टवेअरचं कॉम्प्रेशन चालू, ड्राइव्हचंही चालू, आणि डेटा दबण्याऐवजी फुगायचा. एक बंद केलं. पुढे एलटीओ-२ आला तेव्हा त्याच स्कझीच्या तारेवर (एकाच साखळीत अनेक यंत्रं जोडायची जुनी पद्धत) कोणीतरी जुना स्कॅनर जोडला आणि अख्खी साखळी जुन्या वेगावर उतरली. तो शोधायला दोन दिवस गेले, कारण स्कॅनर बंद होता. पण जोडलेला होता ना राजे हो!

वर्धा रोडवरून :
टेपवर नीट बघा. मला एलटीओ-६ म्हणून दिलेल्यातली एक ५ निघाली. ड्राइव्ह तीही लिहितो, पण दीड टीबीच.

धरमपेठ, पुन्हा :
टेप ६चीच आहे, बघितलं. बुटीबोरीवाल्यांचं ऐकून आधी एसएसडीवर बांधलं, वेग १४०वर गेला, घर्र बंद. फोटो मात्र तेवढेच मावले. आणखी चार टेप मागवल्यात. आणि हो, स्टुडिओतला कूलर ड्राइव्हच्या समोरच होता, तो सरकवला.